सोड्याची कुळकथा आणि आपले पाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी प्रवासवर्णन देते, कोणी एखादी कविता देते. यंदा माझ्या वाट्याला जो विषय आला तो एका लहानशा वादातून आला. चैत्रातील हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर लिंबूसोडाही द्यावा, आणि त्यासाठी मंडळाच्या शिलकेतून घरी सोडा करण्याचे एक यंत्र विकत घ्यावे, अशी सूचना आमच्यातील एका तरुण सूनबाईंनी मांडली. तिला अनुमोदन मिळते न मिळते तोच एक ज्येष्ठ भगिनी ताडकन म्हणाल्या, "ज्या लातूरने आगगाडीने आलेले पाणी प्याले, त्या लातूरने आता पाण्याचे बुडबुडे करून प्यायचे काय?" सभा गप्प झाली. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिले व म्हणाल्या, "बाई, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आधी ह्या सोड्याची कुळकथा लिहून आणा. मग घ्यायचे की नाही ते ठरवू." प्रस्तुत लेख म्हणजे त्या आज्ञेचे पालन होय.

माझे माहेर नांदेडचे आणि सासर लातूरचे. सोड्याची माझी पहिली आठवण माहेरची आहे. उन्हाळ्यात वडील आम्हा भावंडांना कधीमधी बाजारात नेत. तेथे एका गाडीवर हिरवट काचेच्या जाड बाटल्या ओळीने उभ्या असत. बाटलीच्या गळ्यात एक काचेची गोटी अडकलेली. गाडीवाला लाकडी गुट्टी तोंडावर ठेवून तळहाताने दाबी आणि 'फट्ट' असा आवाज होऊन गोटी खाली घसरे. त्या आवाजासाठीच आम्ही हट्ट धरीत होतो, असे आता वाटते. पुढे लग्न होऊन लातूरला आले, तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेत तोच आवाज कानी पडला आणि माहेर आठवले. पोट जड झाले, अपचन झाले, की "जा, एक सोडा पिऊन ये" असे वडील माणसे सांगत. सोडा हे पेय कमी आणि औषध अधिक, अशीच तेव्हा समजूत होती. ही समजूत आली कोठून, ह्याचा शोध घेऊ लागले तेव्हा वाट थेट विलायतेतील एका मद्याच्या भट्टीपाशी जाऊन पोहोचली.

नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरच्या गरम झऱ्यावर त्वचेच्या विकारांसाठी लोक स्नानास जातात, हे आपणांस ठाऊकच आहे. युरोपातही असे झरे होते, आणि त्यांतील काहींचे पाणी आपोआपच फसफसणारे असे. ते प्याल्याने प्रकृती सुधारते अशा श्रद्धेने श्रीमंत लोक तेथे जाऊन राहत. हे पाणी आपल्याला करता येईल काय, असा प्रश्न विद्वानांना पडला होता. इंग्लंडमधील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक राहत. त्यांच्या शेजारीच बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो हे त्यांनी पाहिले, आणि १७६७ च्या सुमारास त्या पिंपांवर पाण्याचे भांडे धरून तो वायू पाण्यात मुरविला. पाण्याला झऱ्यासारखी चुणचुणीत चव आली. तो वायू म्हणजेच आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड. १७७२ साली त्यांनी हे पाणी करण्याची रीत सांगणारी एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात खडूवर आम्ल टाकून वायू काढावा असे सांगितले होते. म्हणजे भट्टी शेजारी नसली तरी चालेल!

ह्या पाण्याने खलाशांना होणारा स्कर्व्ही नावाचा रोग बरा होईल, अशी प्रीस्टलींची आशा होती. ती खोटी ठरली. त्या रोगावर लिंबू-संत्री गुणकारी असल्याचे जेम्स लिंड ह्या वैद्याने १७४७ मध्येच प्रयोग करून पाहिले होते. तेव्हा भगिनींनो, लिंबूसोड्यातील खरा उपकार लिंबाचा; श्रेय मात्र बराच काळ सोड्याने लाटले!

प्रीस्टलींनी ह्या शोधातून पैसा केला नाही. तो केला योहान याकोब श्वेप ह्या जिनिव्हातील गृहस्थाने. १७८३ मध्ये त्याने असे पाणी विकावयास काढले आणि १७९२ मध्ये लंडनला जाऊन कारखाना घातला. झऱ्याच्या पाण्याची नक्कल हुबेहूब व्हावी म्हणून त्या काळी पाण्यात सोड्याचे क्षारही घालीत. त्यावरून 'सोडावॉटर' हे नाव पडले. पुढे क्षार गेले तरी नाव राहिले. म्हणून ध्यानात ठेवावे, की यंत्रातून निघणाऱ्या साध्या सोड्यात सोडा मुळीच नसतो. असते ते फक्त पाणी आणि वायू. आपल्या डब्यातला खाण्याचा सोडा ही निराळी वस्तू. बाजारातल्या बाटलीबंद सोड्यात मात्र कधी कधी क्षार घातलेले असतात. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करावयास सांगितले आहे त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचून घ्यावी.

आता ह्या कुळकथेतील जे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी घरोघर फिरून मृत्यूंची नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. आपल्या लेखनात स्नो ह्यांनी एक बारीकशी गोष्ट नमूद करून ठेवली आहे: त्या परिसरातील लहान दुकानांतून त्याच पंपाच्या पाण्यात चमचाभर फसफसणारी पूड घालून ते 'सरबत' म्हणून विकले जात होते. म्हणजे पिणाऱ्याला वाटत होते की आपण काही उत्तम, पाचक पेय घेत आहोत. आणि पेल्यात होती पटकी. बुडबुड्यांनी पाण्याची चव पालटली, रूप पालटले. दोष मात्र तसाच राहिला.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. सोडा घ्यावा की न घ्यावा हा आपला वाद. पण त्याच्या खाली दडलेला खरा प्रश्न, तो कोणत्या पाण्याचा करावा हा, आपण कोणीच विचारला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात सोडा हिंदुस्थानात रुळला, आणि आपल्या मुलखात त्या धंद्यात पारशी मंडळींनी मोठे नाव मिळविले. मुंबईचे पालनजी १८६५ चे, पुण्याचे अर्देशीर १८८४ चे, आणि मुंबईचेच ड्यूक्स १८८९ चे. रासबेरी, जिंजर, लेमोनेड ही नावे त्यांच्यामुळेच घराघरांत पोहोचली. गोटीची बाटलीही त्याच काळातली. हायरम कॉड नावाच्या इंग्रज कारागिराने १८७२ मध्ये तिचा हक्क नोंदविला. बाटलीच्या गळ्यात रबराची कडी आणि आत गोटी. बाटली उलटी धरून वायू भरला की गोटी खाली येऊन कडीवर बसते आणि आतल्या दाबानेच तोंड घट्ट बंद होते; ना बूच, ना लाख, ना तार. गळ्याला दोन खळगे असतात, त्यांत गोटी अडकून राहते व ओतताना वाट अडवीत नाही. विलायतेत पुढे पत्र्याच्या दातेरी झाकणाने तिची जागा घेतली, पण आपल्याकडे गोटी कितीतरी वर्षे टिकली. बाटली पुनःपुन्हा वापरता येते आणि झाकणाचा खर्च नाही, हे त्याचे एक मोठे कारण होय.

दुसरीही एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. जाड काचेची बाटली जड असते आणि ती परतही न्यावी लागते. अशी बाटली लांबून आणणे परवडत नाही. म्हणून गोटीसोडा बहुधा गावच्या गावातच भरला जाई. लोखंडी चौकटीत बाटल्या बसवायच्या, हाताने दांडा फिरवून त्या उलट्यासुलट्या करायच्या, वायू पाण्यात मुरवायचा. कोपऱ्यातल्या खोलीत हा कारखाना मावे. वायू बाहेरून येई, पण पाणी गावचेच असे. ज्या गावचा आड गोड, त्या गावचा सोडा गोड. सोड्याची कीर्ती ही अखेर पाण्याची कीर्ती होती.

घरच्या घरी सोडा करण्याची हौसही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेतील घरांत गॅझोजीन नावाचे काचेचे दुमजली भांडे असे. एका गोळ्यात पाणी, दुसऱ्यात खाण्याचा सोडा व चिंचेत असते त्याच जातीचे टार्टारिक आम्ल. दोहोंच्या संयोगाने निघालेला वायू पाण्यात शिरे. कधी कधी हे भांडे फुटे, म्हणून त्यावर तारेची किंवा वेताची जाळी विणलेली असे. पुढे वायू भरलेल्या पोलादी कुप्या आल्या. बोटाएवढी कुपी, तिच्यात ८ ग्रॅम वायू, आणि ती लावायची दांडीची बाटली. तिला सायफन म्हणत. १९०३ मध्ये लंडनच्या गाय गिल्बी ह्या मद्यव्यापाऱ्याने घरात वापरण्याचे सोडायंत्र केले. ते प्रथम बड्या लोकांच्या घरी गेले. आज आपल्या सूनबाई ज्या यंत्राबद्दल बोलतात ते ह्याच यंत्राचे नातवंड आहे.

आता त्या ज्येष्ठ भगिनींच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न टोमण्याचा वाटला तरी त्यामागे दुःख आहे, आणि ते आपल्या सर्वांचे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होते. गोदाकाठच्या नांदेडात राहूनही घागर जपून वापरावी हे आईने तेव्हाच शिकविले. २०१६ चा उन्हाळा तर कोणीच विसरलेले नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा हुकूम निघाला. आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पाणीगाडी लातूरला आली. तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला राहून राहून वाटले, की हा तर जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग! अडीच फूट रुंदीची ती चिमुकली गाडी १९११ साली लातूरला पोहोचली आणि तिचे दुसरे टोक १९२७ साली मिरजेला भिडले. ज्या वाटेने लातूरचा माल बाहेर गेला, त्याच वाटेने शंभर वर्षांनी लातूरला पाणी आले. अशा गावात पाण्याशी खेळ नको, हे ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे मी शिरसावंद्य मानते.

पण हिशेब न्यायाने केला पाहिजे. एक लिटर सोड्याला एक लिटरच पाणी लागते. वायू पाणी पीत नाही. पाणी वाया जाते ते दुसरीकडे. आपल्या घराघरांतून आरओ यंत्रे आली आहेत. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ती बहुधा दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर सोडतात. ते मोरीत जाऊ न देता बादलीत धरून फरशी पुसण्यास किंवा भांड्यांच्या पहिल्या धुण्यास वापरले, तर कितीतरी पाणी वाचेल. चैन सोड्यात नाही. चैन त्या उघड्या नळीत आहे.

आणि पाणी कोणते, हा प्रश्न आपल्याकडे विशेषच बिकट. मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. त्यातून खोल बोअरने ओढलेले पाणी अनेक ठिकाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे आपण रोज पाहतो. नांदेड जिल्ह्यात किनवटकडील काही गावांत तर भूजलात फ्लोराइड अधिक आढळले आहे. त्याने दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. आणि वायू भरल्याने तर जंतूंचा भरवसा नाही व फ्लोराइडही जात नाही. लंडनच्या त्या सरबताची गोष्ट येथे स्मरावी.

तेव्हा यंत्र घ्यावयाचे ठरलेच, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा असावा. पहिली गोष्ट पाणी. मंडळाच्या बोअरचे पाणी जिल्ह्याच्या सरकारी पाणीतपासणी प्रयोगशाळेत द्यावे आणि चिठ्ठी हाती आल्यावरच पुढे जावे. दुसरी गोष्ट वायूची नळकांडी. पाहुण्यासारखे यंत्र एकदा घरी येते, पण त्याचा वायू पुनःपुन्हा लागतो. साधारण सव्वाचारशे ग्रॅम वायूच्या नळकांड्यातून ६० लिटरपर्यंत सोडा होतो असे विकणारे सांगतात; तिखट सोडा आवडणाऱ्यांचा त्याहून बराच कमी होईल. रिकामे नळकांडे आपल्या गावात बदलून मिळते की पुण्याला किंवा हैदराबादला धाडावे लागते, हे आधी विचारावे. नाहीतर दोन महिन्यांत यंत्र माळ्यावर जाईल. तिसरी गोष्ट बाटली. ती त्याच यंत्राची असावी, तिच्यावर वापराची मुदत छापलेली असावी. चरा पडलेली वा तडकलेली बाटली कधीही लावू नये; उकळत्या पाण्याने धुऊ नये, कारण प्लॅस्टिक दुबळे होते. चौथी गोष्ट, जास्त झालेला दाब आपोआप सोडून देणारी झडप यंत्राला असावी.

वापरताना पाणी चांगले थंड असावे. १८०३ मध्ये विल्यम हेन्री ह्यांनी दाखवून दिले, की दाब जितका अधिक तितका वायू पाण्यात अधिक मुरतो. थंडीचेही तसेच आहे: अगदी बर्फाळ पाणी २५ अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वायू धरते. म्हणून वैशाखात माठातल्या पाण्याचा सोडा फिकाच होणार. बाटली खुणेपर्यंतच भरावी, कळ थोडी थोडी करून दोन-तीनदा दाबावी, आणि बाटली सोडविताना घाई करू नये. साखर, मीठ, लिंबू हे सर्व नंतर पेल्यात घालावे. मुलाच्या घरी मी हा नियम मोडला. लिंबाचा रस आधीच बाटलीत घालून कळ दाबली, आणि सरबत छतापर्यंत उडाले. नातवंडांनी टाळ्या वाजविल्या. सूनबाई मुकाट्याने स्टूल घेऊन छत पुसू लागल्या. त्या दिवसापासून मी बाटलीत पाण्याशिवाय थेंब घालीत नाही.

नळकांडे उभे ठेवावे, शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. स्वस्त पडते म्हणून कोणाकडून आग विझविण्याच्या किंवा कारखान्याच्या वायूने ते भरून घेऊ नये. खाण्यापिण्यासाठीचाच वायू असावा. वायू गळाल्याचा संशय आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, कारण तो हवेहून जड असून खाली साचतो. आणि ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी सोड्याला औषध समजू नये. ढेकर येऊन बरे वाटते खरे, पण आंबट पाणी वर येण्याचा त्रास कित्येकांना त्याने वाढतो.

एवढे लिहून झाल्यावर मी हा लेख प्रथम त्या ज्येष्ठ भगिनींकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "पाण्याची चिठ्ठी येऊ दे. पाणी चांगले निघाले तर घ्या यंत्र, माझी ना नाही. वाईट निघाले तर ते पैसे आधी पाण्यासाठी खर्चायचे, हे मात्र ठरावात लिहा." मी मान डोलविली. जिना उतरत असता त्यांनी वरून हाक मारली, "आणि हे बघ, लिंबे बाजारातून आणू नका. माझ्या परसातले झाड यंदा लदलदले आहे."

बाटलीभर पाणी घेऊन सूनबाई उद्याच प्रयोगशाळेत जाणार आहेत. सोबत म्हणून त्या ज्येष्ठ भगिनीही निघाल्या आहेत.